हरिचंद्रांचे पत्रे

अठ्ठेचाळीस सालच्या नोव्हेंबरात मोठं वादळ झालं आणि अंबरनाथच्या शरदचंद्रांच्या चाळीचं छप्पर पार उडालं. माडीवरचे पत्रे कुठच्या कुठे गेले. खोल्यांपुढच्या लाकडी गॅलरीच्या फळ्या मधूनच निखळल्या, त्यामुळे टोकाच्या खोलीतल्या म्हाताऱ्या बनूबाई पलीकडेच अडकून पडल्या. त्यांचं ताट शेजारणी शिडी लावून पोचवायच्या.

अण्णा त्याच माडीवर मुलगा मधू आणि सून वृंदा यांच्याबरोबर राहत. काड्यापेटीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. घरीच असतात म्हणून मालकाच्या मागे लागायचं काम चाळीनं त्यांच्यावर सोपवलेलं. शरदचंद्र कल्याणला असत. पत्र्यांवर कंट्रोल आहे, परमिट मिळालं की पाठवतो, एवढंच त्यांचं उत्तर यायचं. त्यामुळे एका सकाळी पत्रे लादलेली बैलगाडी दाराशी थांबली तेव्हा अण्णांचा जीव भांड्यात पडला. गाडीबरोबर बदलापूरकडचा सदू सुतार होता. त्यानं खालूनच मालकाचं नाव घेऊन चाळ हीच का म्हणून विचारलं. अण्णा वरून म्हणाले, हीच, हीच.

सदूचा हात चांगला होता. त्यानं वासे सावरले, पत्रे ठोकले, अंगणात पडलेल्या फळ्या गोळा करून गॅलरी जोडली. बनूबाई भिंत धरत धरत गॅलरीतून चालत आल्या आणि वृंदाच्या दारात ऊन खात बसल्या.

पुढच्या रविवारी सदू परत आला. बरोबर गोजरबाई नावाची बाई होती, रुळांपलीकडच्या हरिचंद्रांच्या चाळीत राहणारी. हरिचंद्रांनी परमिट काढून आणलेले पत्रे आपल्या चाळीवर का चढले नाहीत, हे शोधत ती आली होती. तिची पोरंबाळं अजून ताडपत्रीखाली झोपत होती.

"अण्णा, मी हरिचंद्रांचीच चाळ विचारली व्हती," सदू म्हणाला. "तुमी हीच म्हनालात."

अण्णांना तर शरदचंद्र ऐकू आलं होतं. की नुसतं ‘चंद्र’ ऐकू आलं आणि पुढचं त्यांनीच जोडलं? आता आठवावं तर सदूच्या आवाजात दोन्ही नावं सारखीच स्पष्ट वाजायची. त्यांनी वृंदाला विचारलं. ती म्हणाली, शरदचंद्रच म्हणाला तो. मग थोड्या वेळानं म्हणाली की ती तेव्हा आत चुलीपाशी होती, तिला कसं ऐकू येणार.

चाळीत दोन तट पडले. कोणी म्हणे, ठोकलेले पत्रे काढायचे नसतात. कोणी म्हणे, लोकांचं ते लोकांचं. शरदचंद्र कल्याणहून आले, वर नजर टाकली आणि मी कुणाला पाठवलं नव्हतं म्हणून हात झटकून गेले. खालच्या मजल्यावरच्यांनी तर जाता येता अण्णांकडे बघून हसायला सुरुवात केली. म्हातारा बेरकी निघाला, असं त्यांचं मत. आणि बनूबाईंनी एका दुपारी अण्णांचा हात हातात घेतला.

"माझ्यासाठी केलंत," त्या हळूच म्हणाल्या. "मला कळतं हो."

अण्णांना त्यांना नाही म्हणवेना. हो म्हणायचं तर काय केलं हेच ठाऊक नाही. वीसदा तरी त्यांनी ती सकाळ मनात घोळवली आणि दर वेळी ती थोडी निराळीच झाली.

शेवटी त्यांनी सदूला बोलावून आपल्या दोन खोल्यांवरचे पत्रे उतरवायला सांगितले. मधू चिडला, पण शिडी त्यानंच धरली. बाकीच्यांनी मात्र आपल्या डोक्यावरचा एकही पत्रा सोडला नाही. तेव्हा हरिचंद्र स्वतः कल्याणला गेले, आणि बऱ्याच वादावादीनंतर ठरलं की शरदचंद्रांना परमिटावर मिळतील ते पत्रे आधी पलीकडच्या चाळीला.

उतरवलेले पत्रे अण्णांनी सदूबरोबर रुळांपलीकडे नेले. सदू वर चढला. खाली गोजरबाई एक एक पत्रा उचलून देत होती, अण्णा हुक मोजून देत होते. मध्येच ती थांबली.

"खरं सांगा, नाव ऐकलं होतं का तुम्ही?"

"मला माहीत नाही, बाई," अण्णा म्हणाले. "देवाशपथ माहीत नाही."

तिला ते पटलं की नाही, अण्णांना शेवटपर्यंत कळलं नाही. मग तिनं पुढच्या पत्र्याचं एक टोक उचललं आणि मानेनंच दुसरं टोक दाखवलं. अण्णांनी ते धरलं.

तिचं घर झाकून झालं तेव्हा तिनं आपली ताडपत्री घडी करून अण्णांच्या खांद्यावर टाकली. शरदचंद्रांचे पत्रे संक्रांतीनंतर आले, ते आधी पलीकडे लागले. अण्णांच्या खोल्यांवर होळीपर्यंत ताडपत्रीच होती.