फळ्यावरची ताई

दारूच्या दुकानाची पायरी मी मेले तरी चढणार नाही, असं ताई भावाला हजारदा म्हणाली होती. शेवटी भाऊ मेला आणि ताईला पायरी चढावी लागली.

शहराच्या ऐन मध्यावर, एक बँक आणि एक चष्म्याचं दुकान यांच्या मधोमध भावाची ती जागा होती, तिथंच बीअर बनवून विकायची. रस्त्याकडची भिंत सगळी काचेची. आत उंच स्टुलं, लखलखीत काउंटर, एका रांगेत नळ आणि मागे दूध डेअरीत असतात तशा स्टीलच्या टाक्या. ना अंधार, ना पडदे. ताईच्या शिलाईच्या दुकानात, खरं सांगायचं तर, याच्या निम्मीही स्वच्छता नव्हती. हे बघून तिला बरं वाटायला हवं होतं, पण स्वतःचाच राग आला. तो "एकदा ये गं, नुसती बघून जा" म्हणून मागे लागायचा, तेव्हा यायला काय धाड भरली होती?

दार उघडायला जाड्या आला. जाड्या म्हणजे भावाचा भागीदार. नावाला जाड्या, अंगानं काडी. "या, ताई," एवढं म्हणाला आणि दार धरून तसाच उभा राहिला. गेल्या महिन्यात बारक्याच्या स्कूटरला ट्रकनं उडवलं, तेव्हापासून जाड्याचं हे असंच चाललं होतं. बारक्या म्हणजे ताईचा भाऊ. चाळिशीला आला होता, पण ताईच्या तोंडी शेवटपर्यंत बारक्याच.

काउंटरवरच्या मुलीनं ताईला स्टुलावर बसवलं. पाय जमिनीला टेकेनात. समोर काळा फळा होता. त्यावर खडूनं, तिला झोपेतही ओळखू येईल अशा गिचमिड अक्षरात लिहिलं होतं: 'ताई. आधी कडू, मग गोड.'

"हे काय? दारूला माझं नाव?"

"त्यानंच ठेवलं," जाड्या म्हणाला. "टाकी भरली त्याच दिवशी. म्हणाला, कडू आहे, पण एकदा सवय लागली की सोडवत नाही."

"मेल्या!" ताई म्हणाली. हसली, आणि हसता हसता पदर तोंडाला लावला.

त्या जागेचा एक रिवाज होता. नवी बीअर तयार झाली की पहिला ग्लास बारक्या स्वतः प्यायचा, आणि तो 'चालेल' म्हणाला तरच ती गिऱ्हाइकांपुढे जायची. आता त्याच्या हातची ही एकच टाकी उरली होती. संध्याकाळी त्याचे सगळे मित्र ती प्यायला जमणार होते. पहिला ग्लास ताईचा, हे सगळ्यांनी न बोलताच ठरवून टाकलं होतं.

"आम्ही थेंबभरही चाखली नाही," जाड्या म्हणाला. "ही टाकी मागे त्याच्या थंड खोलीत आहे. तो गेला त्या दिवशी मी त्या खोलीला कुलूप घातलं. नळाचा पाइपसुद्धा तोच जोडून गेलाय. म्हटलं, त्याच्यानंतर कुणाचा हात लागायला नको."

मुलीनं नळ ओढला. ग्लासात बीअर कमी आणि फेसच जास्त आला. "बरेच दिवस पाइप बंद होता ना," ती ओशाळून म्हणाली.

ताईनं डोळे मिटून घोट घेतला.

आई गेल्यावर या बारक्याला तिनंच वाढवलं होतं. पहिल्यांदा भात केला तेव्हा तो पातेलं घेऊन तिच्यासमोर उभा राहिला होता, तिच्या तोंडाकडे बघत. 'चिखल झालाय' म्हणाली, तर पुन्हा केला. पुढे जे जे केलं ते आधी ताईपुढे आणलं. ताईनं जन्मात कधी छान म्हटलं नाही. फार तर 'खाण्यासारखं आहे.' तेवढ्यावर तो आठवडाभर खूष असायचा.

आणि हा घोट आंबला होता. बीअर तिनं कधी चाखली नसेल, पण आंबलेलं आणि मुरलेलं यातला फरक तिच्या जिभेला सांगायची गरज नव्हती. कडू कुठेच नव्हतं, गोड तर नाहीच.

समोर जाड्या उभा होता, तिच्या तोंडाकडे बघत.

"छान आहे," ताई म्हणाली. "फार छान."

जाड्याचा चेहरा उतरला. "ताई, तुम्ही छान म्हणालात? तो तर म्हणायचा, तुमच्या तोंडून हा शब्द कधी निघत नाही." त्यानं ग्लास तिच्या हातातून घेतला, एक घोट घेतला, आणि किल्ली काढत मागे धावला.

ताई त्याच्यामागून गेली. थंड खोली कसली, भट्टी झाली होती. भिंतीवरचं गारव्याचं यंत्र बंद पडलं होतं. जाड्या टाकीला टेकून खालीच बसला. "हे मधूनच बंद पडायचं, ताई. तो रोज सकाळी येऊन बघायचा, बटण दाबायचा. एवढंच काम होतं. आणि मी कुलूप घातलं! मी!" तो लहान पोरासारखा रडायला लागला.

जरा वेळानं नाक पुसत म्हणाला, "लोक त्याच्यासाठी येणार आहेत. घोटघोट देऊ. प्रेमानं पितील. कुणी काही बोलणार नाही."

ताईला हो म्हणायचं होतं. जीव तुटून म्हणायचं होतं. या टाकीत तिचा भाऊ अजून थोडा शिल्लक होता. ही गेली की संपलं. तिनं टाकीला हात लावला. स्टील कोमट होतं, ताप आलेल्या कपाळाइतकं.

"नाही," ती म्हणाली. "तो असता तर त्यानं दिली असती का?"

जाड्यानं नकारार्थी मान हलवली.

"मग ओत."

त्याचा हात चालेना. शेवटी त्याच्या हातावर हात ठेवून तिनंच खालचा नळ फिरवला. पिवळा लोट फेसाळत फरशीवर आला, तिच्या चपला भिजवून जाळीत उतरू लागला. टाकी बरीच मोठी होती. रिकामी व्हायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ ताई मोठ्यानं, लाज न बाळगता रडली. महिनाभरात पहिल्यांदाच.

दारात मुलगी येऊन उभी राहिली. "लोक यायला लागलेत. काय सांगू?"

"सांग, बिघडली," ताई म्हणाली. "आणि हेही सांग की त्याच्या हातून नाही बिघडली."

जाड्यानं मान खाली घातली.

"कुणाच्या हातून, असं विचारलं तर?"

ताईनं ओल्या हातानं जाड्याला दंडाला धरून उठवलं.

"म्हणावं, घरच्याच माणसाच्या."