त्रेचाळीस मुलाखती

"थांब, बंद करू नकोस," आई म्हणाली. "खोकू दे त्यांना."

कॉम्प्युटरमधून बाबा खोकले, घसा साफ करून म्हणाले, "मुलाखत सतरावी. रेकॉर्ड करतोय, चालेल ना?"

बाबांना जाऊन तीन आठवडे झाले होते. विद्यापीठातली त्यांची खोली सोमवारपर्यंत रिकामी करून द्यायची होती, म्हणून मुलगी आईला घेऊन आली होती. आवाज ऐकला तशी आईने हातातलं पुस्तक खोक्यात न टाकता मांडीवरच ठेवलं.

"नाव नाही ना येणार, साहेब?" रेकॉर्डिंगमधला माणूस विचारत होता. "अजून त्याच कंपनीत आहे मी. पोटावर पाय येईल."

"नाव तर नाहीच. माझं काम संपलं की तुमचा आवाजसुद्धा पुसून टाकीन. शब्द आहे माझा."

बाबांचं आयुष्य एकाच प्रश्नामागे गेलं. सरकार जमीन देतं, कंपनी बांधते, दोन्हीकडे हुशार माणसं असतात. तरी भागीदारीतलं एक रुग्णालय उभं राहायला तीनाऐवजी नऊ वर्षं का लागतात? उत्तर शोधायला ते बड्या साहेबांच्या केबिनमध्ये कमी आणि बांधकामावरच्या पत्र्याच्या शेडमध्येच जास्त बसले. घरी आईचा शेरा ठरलेला असे, "जगाच्या इमारतींना उशीर का होतो ते यांना ठाऊक. आपला नळ तीन वर्षं का गळतोय, तेवढं विचारू नका."

सतरावा माणूस मुकादम होता. जमिनीच्या तपासणीचा अहवाल यायच्या आधीच त्याला एक खांब ओतायला लावला होता, कारण उद्घाटनाची तारीख दोन्ही बाजूंनी जाहीर करून टाकली होती. "मी नको म्हणालो. ऐकतंय कोण! अहवाल आल्यावर फोडला खांब. चार महिने गेले. आणि कागदावर कारण काय, माहितेय? पाऊस! अहो, त्या चार महिन्यांत थेंब पडला नव्हता."

बाबा हसले. मोकळं, गडगडून. घरात ते असे कधी हसल्याचं मुलीला आठवेना.

"तुम्ही स्वतः कधी काही बांधलंय का हो, साहेब?"

"एकदा भिंतीला फळी ठोकली होती."

"मग?"

"पडली. बायकोच्या पायावर."

"अंगठ्यावर," आईने दुरुस्ती केली, आणि डोळे पुसले.

दाराशी बाबांची जुनी विद्यार्थिनी उभी होती. आता तीच या विभागात शिकवत असे. तिच्या हातात एक छापील फॉर्म होता. "काकू, खरं तर हे आपण ऐकायलाही नको होतं," ती हळूच म्हणाली. "सगळी रेकॉर्डिंग पुसून विद्यापीठाच्या संशोधन-नीती समितीला कळवायचंय. सरांच्या माघारी घरच्या माणसाची सही लागते."

मुलीने रेकॉर्डिंग थांबवलं. घरात बाबांचा आवाज कुठेच नव्हता. फोटो काढणारे तेच, म्हणून फोटोतही ते क्वचितच. फोनवर त्यांचे निरोप म्हणजे 'पोचलो' आणि 'ठीक'.

"नुसते बाबांचे प्रश्न कापून ठेवले तर?"

"ताई, दोन दिवस मीही तोच विचार करत होते. पण 'संपूर्ण ध्वनिमुद्रण पुसलं जाईल' असं सरांनी स्वतःच लिहून दिलंय सगळ्यांना."

"मग त्या मुकादमालाच विचारू. नाही म्हणणार नाही तो."

"नावांची यादी सरांनी हॉस्पिटलमध्ये जायच्या आदल्या दिवशी माझ्यासमोर फाडली. हेही पुसणारच होते. म्हणाले, सगळ्यांना एकदा शेवटचं ऐकतो, मग पुसतो." तिने फॉर्म टेबलावर ठेवला. "सव्विसाव्यापर्यंत आले होते."

मुलीच्या पर्समध्ये पेन ड्राइव्ह होता. सकाळी निघतानाच आठवणीने घेतलेला. तिने तो काढून टेबलावर ठेवला. विद्यार्थिनीने खिडकीकडे तोंड फिरवलं.

"कोणाला कळणार आहे, आई?"

"कोणालाच नाही," आई म्हणाली. "म्हणूनच तर त्या बिचाऱ्याला यांच्या शब्दावर विसंबावं लागलं."

मुलीने पेन ड्राइव्ह परत पर्समध्ये टाकला, चेन ओढली आणि खुर्ची पुढे घेतली.

सगळं एकदम पुसता आलं असतं. तिने एकेक पुसलं. दर वेळी कॉम्प्युटर विचारी, कायमचं काढून टाकायचं? दर वेळी ती हो म्हणे. सतरावीपाशी तिचं बोट अडलं. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. मग सतरावीही गेली. सत्ताविसावीपासून पुढच्या सतरा तर बाबांच्याही पुन्हा ऐकायच्या राहिल्या होत्या; त्यांत ते काय बोलले, कोणाबरोबर हसले, ते आता कोणालाच कळणार नव्हतं.

फॉर्मवर दोन सह्यांची जागा होती. नातेवाईक म्हणून मुलीने केली, साक्षीदार म्हणून विद्यार्थिनीने. फॉर्मची घडी होणार एवढ्यात आई म्हणाली, "मलाही करायचीय."

"काकू, इथे दोनच..." विद्यार्थिनी अर्ध्यावरच थांबली. तिने खोक्यातून पट्टी शोधून काढली, दोन्ही सह्यांच्या खाली एक सरळ रेघ आखली आणि पेन आईच्या हातात दिलं.

आईने चष्मा लावला, कागद आपल्याकडे वळवून घेतला आणि रेघेवर, सावकाश, आपलं पूर्ण नाव लिहिलं.