वरच्या मजल्यावरचं कीर्तन

भिलाईत दुपारचा एक वाजला, की रिसालीतल्या सिंधुताईंच्या स्वयंपाकघरात कीर्तन उभं राही. बुवा नाहीत, पेटी नाही, मृदंग नाही. श्रोता एकच, अडीच वर्षांचा, आणि तोही जर्मनीत. गव्हाच्या डब्याला फोन टेकवायचा, पदर कमरेला खोचायचा, झांज हातात घ्यायची आणि सिंधुताई सुरू! फोनमध्ये त्यांची नात रेणू दोन्ही हातांत स्टीलच्या वाट्या घेऊन उभीच असे. तिकडे तेव्हा सकाळ. आधी आजीनं ध्रुवबाळाची नाहीतर प्रल्हादाची गोष्ट लावायची, मग गजर. आजीनं ‘विठ्ठल’ म्हटलं की नातीनं उडी मारायची, असा या दोघींचा संप्रदाय. गजर चढला की उड्या चढत, आणि उड्या चढल्या की आजीला आणखी चेव येई.

तेजराम, म्हणजे सिंधुताईंचे मालक, पोलादाच्या प्लांटमध्ये कोक ओव्हनच्या भट्टीवर उभा जन्म काढून रिटायर झालेले. ते तिथंच पाटावर ताट घेऊन बसलेले असत.

“काय व सिंधू, तिकडं पोट्टी वाट्या वाजवून राहिली, अन् इकडं मले भाजी वाढाले कोनी नाई.”

“हात हायेत ना देवानं देल्ले? घ्या की जी. माहा देव तिकडं उभा हाय.”

खरं सांगायचं, तर या कीर्तनानं एक घर सावरलं होतं. मुलगा कमलेश, सून दिपाली आणि रेणू उन्हाळ्यात गेले, तेव्हा आधी एका मित्राच्या एका खोलीत पाच जण राहिले. मोठ्या खटपटीनं घर मिळालं, दुसऱ्या मजल्यावरचं, लाकडी फरशीचं. पण इथं अंगणात कोंबड्यांमागे धावणारी, दिवसभर शेजारच्या छत्तीसगढी आयांच्या कडेवर फिरणारी रेणू तिकडं गेल्यावर गप्पच झाली. खिडकीला नाक लावून उभी राही. घास तोंडात धरून बसे. दिपाली न्हाणीघरात जाऊन रडे आणि नळ सोडून ठेवे, म्हणजे कमलेशला ऐकू जाऊ नये. एकदा फोनवर सिंधुताईंनी सहज देवघरातली झांज उचलून वाजवली, आणि पोर हसली. खदखदून हसली. त्या दिवसापासून एकही दुपार चुकली नव्हती. तेवढ्या वेळात दिपालीची आंघोळ होई, आणि चहा गरम असताना पिऊन होई. “आई, तुमचं कीर्तन म्हणजे माझी छुट्टी,” ती म्हणायची. रेणू आता दिवसभर घर डोक्यावर घेत होती. सोफ्यावरून उडी, पलंगावरून उडी, आणि सकाळी आजीच्या तालावर तर विचारूच नका.

एके दिवशी फोन लागला, तर तिकडं सगळं सामसूम. दिपालीचे डोळे सुजलेले. मागे कमलेश, ऑफिसला न गेलेला. रेणूच्या हातात वाट्या नव्हत्या.

“काय झालं बाप्पा?” सिंधुताईंनी झांज खाली ठेवली.

“आई, घरमालकीण आली होती,” कमलेश म्हणाला. “खालच्या मजल्यावरच्या माणसानं कंप्लेंट केली. रेणूच्या पायांचा धडधडाट होतो म्हने. असंच चाललं तर दुसरं घर पाहा म्हनाली.”

“लेकरू हाय, उडन नाई तर काय करन?”

“तेच मी पण बोलली,” दिपाली म्हणाली. ती नागपूरची, बँकेतल्या बाबांची मुलगी. बोलता बोलता हिंदीत जाई. “आई, मी थकली. अब मुझसे नहीं होता. दिवसभर ‘रेणू हळू, रेणू बस, रेणू शूऽऽ’. पोरीला बांधून ठेवू का? मी तिला घेऊन भिलाईला येते. यांची नोकरी आहे, हे राहतील इथं.”

कमलेश खाली पाहत राहिला.

फोन ठेवला, आणि सिंधुताईंच्या मनात पहिला विचार काय आला? मधल्या खोलीतला पलंग भिंतीला लावला, तर पोरगी पडणार नाही. विचार येतो न येतो तोच त्या उठल्या आणि पलंग सरकवू लागल्या. एक बाजू सरकली, दुसरी अडली. तेजराम दारात येऊन उभे राहिले.

“काय करून राहिली व?”

“झाडून राहिली.”

“झाडाले पलंग भिंतीले लावा लागते का?”

तेजराम पलंगाच्या दुसऱ्या टोकावर बसले. आता तो सरकणारच नव्हता.

“पोट्टी येईन, तुले बरं वाटन. मलेबी बरं वाटन. मी काय दगड हावो? पन कमलेश त्या घरात एकटा कोनासाठी येईन? अन् सून इथं बसून रोज कोनाच्या फोनची वाट पाहीन?”

सिंधुताईंनी पलंगाचा दांडा सोडला. कीर्तनात बुवा सांगत, देव भक्ताला मागेल ते देतो, म्हणून मागताना जपून मागावं. ते त्यांनी कितीदा मान डोलावून ऐकलं होतं. आज पहिल्यांदा कळलं, की आपण रोज उदबत्ती लावताना काय मागत होतो. ‘माझी पोरं घरी आण’, एवढंच. ती तिथं सुखी असोत, असं त्यात कुठंच नव्हतं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी फोन लावला तो झांजेशिवाय.

“दिपाली, बेटा, मले सांग. खालचा मानूस कसा हाय?”

“कसा काय! खडूस. गुड मॉर्निंग म्हटलं तर मान पण हलवत नाही. दिवसा पडदे लावून बसतो. मी सकाळी कचरा टाकायला खाली जाते ना, तेव्हा तो बाहेरून येतो. डोळे लाल, चालताना झोकांड्या. रात्रभर पीत असेल. मग आपलं कीर्तन सुरू झालं की काठीनं छत ठोकतो.”

“रोज ठोकते?”

“तेच तर! एक हप्ता ठोकतो, पुढच्या हप्त्यात चूप. कितीही उडा, काही नाही. मग परत सुरू. मूडवाला आदमी आहे.”

पाटावर बसलेल्या तेजरामांचा घास हातातच राहिला. त्यांनी सिंधुताईंकडे पाहिलं, सिंधुताईंनी त्यांच्याकडे.

“थो पिऊन नाई येत,” तेजराम म्हणाले. “नाईट करून येते.”

क्षणात सिंधुताईंना प्लांटच्या सेक्टरमधलं जुनं क्वार्टर आठवलं. तेजराम रात्रपाळी करून सकाळी सायकलवरून येत, तेव्हा त्यांचेही डोळे असेच तांबारलेले असत आणि पायरी चढताना तोल जाई. ते झोपले, की सिंधुताई खिडकीला गोधडी टांगत, कुकर लावत नसत, पूजेची घंटा मुठीत धरून देवाला नुसती दाखवत, आणि कमलेशला कडेवर घेऊन बाहेर निंबाखाली जात. आणि वरच्या क्वार्टरमधली कलावती! सकाळी दहाला खलबत्त्यात मिरच्या कुटायला बसे. एकदा सिंधुताई तरातरा जिना चढून गेल्या होत्या. “मानूस भट्टीवर जाते व बाई! झोप नाई झाली अन् तिथं पाय चुकला, तर माहं कुंकू तू आनून देशीन का?” कलावती बिचारी बत्ता हातात धरून उभी राहिली. “मले काय मालूम भाऊजी नाईटले हायेत? सांगाचं नाई का?”

तेव्हा ओरडणारी खालची बाई आपण होतो. आणि आता वरची बाई कोण आहे? एवढ्या लांब बसून, हातात झांज घेऊन, दमलेल्या माणसाच्या डोक्यावर रोज सकाळी नातीला उड्या मारायला कोण लावतं आहे?

“दिपाली,” त्या म्हणाल्या, “त्याचं काई नाई चुकलं. माहं चुकलं. पाप लागलं मले, देवाच्या नावानं लागलं.”

“आई, तुम्ही कावून रडता?” घाबरली की दिपालीच्या तोंडी सासरची भाषा येई.

“रडून नाई राहिली. ऐक. संध्याकाळी थो कामावर जाईन, त्याच्या आधी खाली जा. कमलेशले घेऊन जा. त्याले विचार, या हप्त्यात कोनती शिफ्ट हाय.”

“मी कशाला जाऊ? कंप्लेंट त्यानं केली. आणि माझी जर्मन कशी आहे माहीत आहे ना? दूध-भाजीपुरती.”

“भांडाले नाई धाडून राहिली तुले. आमच्या क्वार्टरच्या लाइनीत हेच विचारत असो आमी एकमेकीले. कलावती मंग दर हप्त्याले वरून हाक मारे, ‘सिंधू, भाऊजीची कोनती शिफ्ट?’ तिनं मिरच्या कुटनं नाई सोडलं, अन् यांची झोपबी नाई मोडली.”

“काही घेऊन जाऊ का? चिवडा वगैरे?”

“काई नोको. लाच वाटन त्याले. रेणूले घेऊन जा. आतापर्यंत त्यानं पायच ऐकले, पोरगी कुठं पाहिली?”

कमलेश इतका वेळ ऐकत होता. “बाबा,” तो हळूच म्हणाला, “तुमी झोपले राहा तेव्हा आई मले बाहेर घेऊन जाये, ते मले वाटे फिराले नेते.”

“फिरालेच नेत होती,” तेजराम म्हणाले. “मी आत घोरत होतो, एवढंच.”

त्या दिवशी परत फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारीही नाही. एक वाजला तेव्हा सिंधुताईंचा हात आपोआप झांजेकडे गेला आणि मागे आला. वरणाला फोडणी देताना मोहरी जळाली. तेजरामांनी ते वरण मुकाट्यानं खाल्लं. त्यावरूनच सिंधुताईंना समजलं, की तेही घाबरलेत.

संध्याकाळी विठ्ठलमंदिरात सप्ताहाचं कीर्तन होतं. भंडाऱ्याकडचे बुवा आले होते, आवाजाचे मोठे गोड. एरवी सिंधुताई पहिल्या रांगेत बसायच्या. त्या दिवशी मागच्या खांबाला टेकून बसल्या, फोन मांडीवर उलटा ठेवून. बुवांनी आख्यान लावलं. रुक्मिणी द्वारकेला नवी आहे, आणि राजवाड्यात तिला माहेरची एकही वाट दिसत नाही, असं काहीतरी. बायका डोळे पुसत होत्या. तेवढ्यात मांडीवर फोन थरथरला. सिंधुताई उठल्या आणि चपला काढतात त्या पायरीवर आल्या. पुरुषांच्या बाजूनं तेजरामही उठून आलेच.

पडद्यावर दिपाली. केस विस्कटलेले, पण चेहरा धुतल्यासारखा.

“आई! बेकरीत आहे तो. शहराबाहेर मोठी बेकरी आहे, तिथं पावाच्या भट्टीवर. एक हप्ता नाईट, एक हप्ता दिवसपाळी.”

“भट्टीवर!” तेजराम एवढंच म्हणाले.

“काल दार उघडलं तेव्हा कपाळावर ही आठी. मी ती शिफ्टची लाइन रटून गेली होती, तरी अटकली. मग यांनी विचारलं. तो नुसता बघत राहिला, आई. म्हणाला, इतकी वर्षं झाली, वर कितीतरी लोक आले आणि गेले, हे कोणी विचारलं नाही. तेवढ्यात या बयेनं काय करावं? त्याच्या पायपुसण्यावर टुणकन उडी मारली. मी म्हटलं, संपलं सगळं! तर तो खाली वाकला आणि म्हणतो, एवढीशी? मला वाटलं वर कुणीतरी कारखाना टाकलाय.”

सिंधुताई हसल्या. त्या चपलांच्या मधोमध पायरीवर बसल्या.

“अन् घरमालकीन?”

“तिला त्यानंच फोन केला,” मागून कमलेशचा आवाज आला. “तिचा आत्ता आला होता, म्हनून तुमाले उशिरा फोन केला. तुमचं तुमी मिटवलं, आता राहा म्हने. सकाळसाठी एक जाड गालिचा टाकून राहिलो. अन् रेणूचं नावबी लागलं बालवाडीत, पुढच्या महिन्यापासून.”

“मंग?” सिंधुताईंनी दिपालीला विचारलं. पुढचं विचारवेना. विचारायला तर हवं होतं. “तू कधी येतेस बेटा?”

“उन्हाळ्यात येऊ ना, आई. तिघं मिळून. आत्ता नाही येत.”

“नोको येऊ,” सिंधुताई म्हणाल्या. शब्द तोंडातून गेले, आणि मागं काही दुखलं नाही. छातीवर दोन दिवस ठेवलेली परात कुणी उचलून नेल्यासारखं त्यांना वाटलं. “रहा तिथंच, सुखानं रहा माय.”

आत बुवांचं आख्यान संपत आलं होतं. टाळकऱ्यांनी टाळ उचलले, मृदंगावर थाप पडली, आणि शंभर गळ्यांतून एकदम गजर उठला. तो फोनमधून तिकडं पोचला असावा, कारण कुठूनतरी धावत रेणू आली आणि पडद्यात फक्त तिचं नाक दिसू लागलं.

“आजी! विठ्ठल! खूप विठ्ठल!”

तेजरामांनी फोन घेतला आणि दरवाज्याकडे वळवून उंच धरला. बुवा, टाळकरी, समोरचा देव, सगळं नातीला दिसावं म्हणून. ज्या माणसानं कीर्तनात कधी टाळी वाजवली नाही, त्याचा दुसरा हात मांडीवर ठेका धरत होता. तिकडं धडाधड उड्या सुरू झाल्या.

“हळू व माय, हळू!” सिंधुताई दचकून ओरडल्या. “खाली मानूस झोपला हाय!”

“नाही आई, तीनलाच उठतो तो,” दिपाली हसत म्हणाली. “आत्ता इथं साडेतीन होऊन गेले. उडू द्या तिला.”

रेणूनं जोरात उडी मारली. तिकडं टेबल हललं, फोन उताणा पडला, आणि पडद्यावर नुसतं पांढरं छत राहिलं. माणूस कुणी दिसेना. पण आजीच्या प्रत्येक ‘विठ्ठल’ला तिकडून दोन्ही पायांचा एक दणका बरोब्बर येत होता, आणि सिंधुताई चपलांमध्ये बसूनच, त्या छताकडे पाहत, गळा मोकळा सोडून गात होत्या.