पायाळूची पाठ

“पायाळूलाच उसण भरली, आता लाथ कुणी मारायची गं?” बांधावरून खुर्शिदा म्हणाली, आणि भाताच्या लावणीला वाकलेल्या सगळ्या बाया जागच्या जागी हसत सुटल्या.

रतनबाई चिखलात तशीच अडकली होती. एका हातात रोपांची मूठ, दुसरा हात कमरेवर. ना खाली जाता येत होतं, ना वर. “हसा, हसा,” ती वाकल्या वाकल्याच म्हणाली, “उद्या तुमच्या कमरा धरल्या की येताल माज्याच दारात.”

ते खरंच होतं. रतनबाई जन्माला आली ती आधी पाय बाहेर काढून. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की उसण उतरते, असं मार्गासनी गावात पिढ्यान्‌पिढ्या मानत आले आहेत. लावणीच्या दिवसांत तिच्या ओसरीवर रांग लागायची. पण पाय उचलण्याआधी ती तीन गोष्टी विचारायची. “कुठं पडलावता का? पायाला मुंग्या हाईत का? लघवीला नीट होतीया न्हवं?” तिन्ही उत्तरं मनासारखी आली तरच ती उजव्या पायाचा अंगठा पाठीला लावायची, हळूच रेटायची, आणि माणसाला पाय लागला म्हणून लगेच त्या पाठीलाच हात जोडायची. एखाद्या उत्तराला माणूस अडखळला, की “माजा पाय न्हाई चालायचा, दवाखाना गाठ,” म्हणून वाटेला लावायची. मग तो सरपंच का असेना.

चार दिवस विटेचा शेक घेऊन झाला, ओवा बांधून झाला. पण रतनबाईची पाठ काही हलेना. पाचव्या दिवशी भोरहून बांगड्यांची पेटी घेऊन खुर्शिदा परत आली. चाळीस वर्षांची मैत्री; तेव्हापासून रतनबाईच्या हातात दुसऱ्या कुणी बांगडी भरलेली नव्हती. तिनं मोबाईल पुढं धरला.

“कापूरहोळला डाक्टरीण आलीया. मणकं बसवती. ह्ये बग.”

मोबाईलमधल्या बाईला कुणीतरी कुशीवर वळवलं आणि ‘कडाड्’ आवाज झाला. रतनबाईनं डोळे घट्ट मिटले. “मेली का गं ती?”

“हसतीया की!”

“म्या न्हाई जायची.” रतनबाईचा आवाज बारीक झाला. “साठ वर्सं लोकांच्या पाठीला पाय लावला. आता माज्याच पाठीला डाक्टर लागला म्हनल्यावर ह्या पायाला कोन विचारील?”

“अगं, न्हावी सोताचं डोकं सोता भादरतो का? ऊठ. आसिफचा टेम्पो हाय दारात.”

आसिफ खुर्शिदाचा मुलगा. तो जपूनच चालवत होता, तरी नसरापूरपर्यंत रतनबाई त्याला ऐकवतच होती. “आसिफ, खड्डं चुकवतूस का हुडकतूस रं?”

कापूरहोळला टायरच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर दवाखाना होता. डॉक्टर शेफाली तिशीतली, पोरगेलीच दिसत होती. रतनबाईनं खुर्चीवर टेकण्याआधी विचारलं, “बाई, तुमी ह्ये शिकलाव कुठं?”

शेफाली खूश झाली. “हे कुणी विचारतच नाही, आजी. विचारायलाच हवं.” तिनं भिंतीवरची प्रमाणपत्रं वाचून दाखवली. “आणि तुम्ही?”

“म्या पोटातनंच शिकून आले,” रतनबाई म्हणाली. खुर्शिदा पदर तोंडाला लावून हसली.

मग शेफालीनं वही उघडली. “कुठं पडला होता का? पायाला मुंग्या, बधिरपणा? लघवीवर ताबा आहे ना?”

रतनबाईनं चमकून खुर्शिदाकडं पाहिलं. खुर्शिदानं तिला कोपरानं ढोसलं.

डॉक्टरणीचे प्रश्न मात्र तिथं थांबले नाहीत. ताप येतो का, वजन उतरलंय का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, कधी हाड मोडलंय का. “गेल्या साली नुसती अंगणात घसरले आन मनगट मोडलं,” रतनबाई म्हणाली.

शेफालीनं पेन खाली ठेवलं. “मग तुमच्या पाठीला झटका द्यायचा नाही. हाडं ठिसूळ झाली असणार. आधी त्याची तपासणी.”

“एवढ्या लांबनं आलो,” खुर्शिदा हिरमुसली, “येक तरी कडाड् करा की!”

“मावशी, तो आवाज मणका जागेवर बसल्याचा नसतो. बोटं मोडल्यावर येतो ना, तसलाच. आवाज आला म्हणजे गुण आला, असं काही नाही. आणि मान तर सलूनमध्ये कुणाला मोडू देऊ नका, जिवावर बेतू शकतं. मी करते म्हटलं आणि तुम्हाला नको वाटलं, तर मलासुद्धा नको म्हणायचं.”

मग तिनं रतनबाईला कुशीवर निजवून नुसत्या हातानं पाठ सैल केली. पडल्या पडल्या गुडघे पोटाशी घ्यायला शिकवले. दोन दिवस अंग ठणकेल, म्हणाली. पण पाय बधिर झाला किंवा लघवी अडली, तर लगेच मोठा दवाखाना.

उठून खुर्चीवर बसल्यावर रतनबाई म्हणाली, “तुमचं पयलं तीन परस्न माजंच हाईत.” आणि तिनं सांगितलं. ती बारा वर्षांची असताना भाऊ हनुमंत हिरड्याच्या झाडावरनं पडला. घरच्यांनी तिला पुढं केलं, तिनं पाय लावला. हनुमंत जन्मभर काठीनं चालला. तिला कुणी बोल लावला नाही; त्यानं तर कधीच नाही. “तवापासनं आदी इचारते, मग पाय उचलते.”

शेफालीनं स्टुलावर बसून सगळं ऐकलं. मग उठायला गेली आणि “आई गं!” करून कमरेवर हात ठेवला. दिवसभर लोकांच्या पाठींवर वाकून वाकून तिचीच पाठ धरली होती.

खुर्शिदा टाळ्या पिटायला लागली. “आली! डाक्टरीण रांगंत आली!”

“कुठं पडलाव का?” रतनबाईनं विचारलं.

“नाही.”

“मुंग्या?”

“नाही. आणि लघवीचंही ठीक आहे,” शेफाली हसत म्हणाली.

“मग बसा हितं. माजा पाय आज वर जायाचा न्हाई.”

पांढऱ्या कोटातली डॉक्टरीण फरशीवर पाठ करून बसली. रतनबाईनं खुर्चीतूनच उजवा पाय पुढं केला, अंगठा पाठीला अलगद टेकवला, आणि हात जोडले.

“उतरली का?” खुर्शिदानं विचारलं.

“काय माहीत,” शेफाली डोळे पुसत म्हणाली, “हसून हसून दुखणं कुठं होतं तेच कळेना.”

रतनबाई निघाली तेव्हा तिची एक चप्पल खुर्चीखाली उलटी पडली होती. ती वाकणार, एवढ्यात खाली बसलेल्या शेफालीनं चप्पल ओढून घेतली, सुलटी केली, आणि त्या उजव्या पायापुढे नीट मांडून ठेवली.