लाल चिठ्ठीवरची तारीख

चिमट्यानं टाचणीचं डोकं धरून तिनं भुंगेरा फोममधून सरळ वर उपसला. पाय सहा, मिशा दोन. प्रवासात काही मोडलं नव्हतं. तिनं वहीत 'सुस्थितीत' असं लिहिलं आणि भिंग जवळ ओढलं.

तीस वर्षांपूर्वी दुसऱ्या एका संग्रहालयानं अभ्यासासाठी नेलेला हा नमुना आज सकाळच्या टपालानं परत आला होता. लांब मिशांच्या भुंगेऱ्यांचा एक अख्खा वंश तिच्या बाबांनी जातवार लावून ठेवला होता. काळ्या पाठीवर पांढरे ठिपके, अशा सतरा जाती. त्यातल्या या एकीला त्यांनी लेकीचं नाव दिलं होतं, मागं लॅटिनचं शेपूट जोडून. पाहुणे आले की म्हणायचे, "आमच्या घरात मिशा दोघांनाच. एक मला, एक हिच्या भुंगेऱ्याला."

बाबांना जाऊन पाच आठवडे झाले होते. ती रडली नव्हती. पोरगी खंबीर आहे, असं लोक म्हणत. दात काढायच्या आधी सुई दिल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसं तिचं सगळंच झालं होतं. चौथ्या दिवशी ती कामावर आली आणि बाबांनी अर्धवट सोडलेला त्या वंशाचा फेरआढावा तिनं पुढं ओढला.

आता गाडी या भुंगेऱ्यापाशी अडली होती. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी एका मादीवरून एक जात नोंदवली होती. आखूड मिशा, ठिपके घासून गेलेले. बाबांचा हा नर ठसठशीत ठिपक्यांचा, मिशा अंगाच्या दुप्पट. बाबांनी दोन जाती मानल्या. पण गेल्या वर्षी एकाच ओंडक्यातून तिच्यासमोर नर-माद्या बाहेर पडल्या, आणि त्यातल्या माद्या त्या जुन्या मादीसारख्या निघाल्या. नर यासारखे असले की संपलं. एका जातीला दोन नावं चालत नाहीत. जुनं राहतं, नवं मागं पडतं.

पंखांच्या झाकणांच्या मुळाशी असलेले बारीक दाणे तिनं मोजले. मग ओंडक्यातल्या नराचे मोजले. पुन्हा याचे मोजले. तेवढेच. पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं.

दार ढकलून आई आत आली. एका हातात रिकामी पिशवी, दुसऱ्यात बाबांचा चष्मा. बाबांच्या इथल्या खोलीतलं सामान न्यायला आज येते, असं ती म्हणालीच होती.

"चष्मा सापडला. कोट मात्र कुणाचा तरी दुसऱ्याचाच दिसतोय. ह्यांचा एवढा स्वच्छ कधीच नव्हता." आई समोरच्या स्टुलावर टेकली. "जेवलीस का?"

"जेवते."

"जेवते म्हणजे नाही. हा कोण?"

"माझा भुंगेरा. आज परत आला."

आई पिशवीची घडी घालत राहिली.

ज्या नमुन्यावरून जात ठरते, त्याच्या टाचणीला लाल चिठ्ठी असते. ती अजून वाचायची होती. तिनं चिमट्यानं चिठ्ठी अलगद खाली सरकवली. बाबांचं बारीक, मुंगीच्या पायांचं अक्षर. वर नाव, खाली ते लिहिल्याची तारीख.

तारीख तिनं दोनदा वाचली.

"आई, बाबांचं काहीतरी चुकलंय. हे वर्ष माझ्या जन्माच्या दोन वर्षं आधीचं आहे. पण लेख तर मी झाल्यावर छापून आला."

"चुकलं नाही."

आईचे हात थांबले होते.

"तुझ्याआधी एक होती. एकोणीस दिवसांची. दवाखान्यातनं घरी आलीच नाही." आईचा आवाज भाजीचा भाव सांगावा तसा सपाट होता. "नाव आम्ही ठरवून ठेवलेलं. लिहायचं कुठं? कागद व्हायच्या आतच गेली. हे दुसऱ्या दिवशी इथं आले आणि संध्याकाळी मला म्हणाले, लिहिलं."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकल उभी करत होतं. स्टँड दोनदा घसरला.

"मग मी?"

"मग तू झालीस. ह्यांनी तेच नाव म्हटलं. मी हो म्हटलं नाही आणि नकोही म्हटलं नाही. तू चार महिन्यांची असताना ते छापून आलं. जो तो तुझंच कौतुक करायला लागला. कुणाचं तोंड धरणार? नंतर सांगू, नंतर सांगू, करत राहिलो."

तिनं चिमटा खाली ठेवला. काहीतरी वाटायला हवं होतं. हाताला फक्त टेबलाचा गारवा लागत होता.

"आई, हे नाव आता जाणार आहे," ती म्हणाली. "जुनं एक नाव आहे, ते खरं. मलाच तसं लिहावं लागेल."

"खोडणार?"

"खोडत नाहीत. जुन्या नावाखाली यादीत लिहितात. बाबांच्या नावासकट, वर्षासकट."

"आणि पुढं कुणी काढून टाकलं तर?"

"कुणालाच काढता येत नाही. एकदा छापलं की ते कायमचं."

आईनं पिशवी बाजूला ठेवली. मग मान हलवली.

"मग लिही तू. बघू मला."

तिनं भिंग आईकडं वळवलं, दिवा खाली ओढला. आई वाकली. एक डोळा मिटून, दुसरा काचेला लावून ती ते अक्षर लावत राहिली. लॅटिनचं शेपूट तिला जमलं नाही. ते सोडून तिनं नुसतं नाव म्हटलं, हलकेच, झोपलेल्याला उठवू की नको असं वाटताना म्हणावं तसं.

लेकीच्या तोंडातून "ओ" निघता निघता राहिली.