शेळ्यांची जाळी

"अवं, त्या कुंपणाला हात लावू नका म्हणलंय सरकारनं!" एवारिस्तोची बायको ओतिलिया दारातनं वरडली.

"सरकारनं माझ्या रानाला हात लावला, तवा कुणी इचारलं मला?" म्हातारा तारेला पीळ देतच म्हणाला.

टेक्सासच्या नदीकाठी, मेक्सिकोच्या हद्दीवरच्या एल तुले गावात हे लोखंडी कुंपण येणार म्हणल्यावर सगळ्यात मोठी बोंब मारली ती ह्याच म्हाताऱ्यानं. चर्चच्या अंगणात सभा भरली, तर हा टोपी काढून उभा राहिला.

"साहेब, आमचा पूर नदीतनं येत न्हाई. माळावरनं ओढ्यानं येतो आन् नदीत जातो. मधी तुम्ही लोखंड रवलं तर पाण्यानं जावं कुठनं? माझं घर मातीच्या विटांचं हाय."

कुंपणाचा सरकारी साहेब पोरसवदा, पण बोलायला मिठ्ठास. "आजोबा, दोन गजांमध्ये चार बोटं फट आहे. पाण्याला तेवढी पुष्कळ."

झालं, कुंपण उभं राहिलं. पाण्याचं पुढं बघू, पण त्या चार बोटांतनं एवारिस्तोची करडं पसार व्हायला लागली. नदीकाठचा बोरू कोवळा लुसलुशीत. करडं तिकडं, आया इकडं, आणि दिवसभर नुसती बें-बें. ईस्टरला करडू भाजायचं ही गावाची रीत. गिऱ्हाईक दारात उभं आणि करडू नदीपल्याड मेक्सिकोत! मग म्हाताऱ्यानं कोंबड्यांच्या खुराड्याची जुनी जाळी काढली आणि बांधावरच्या सगळ्या गजांना आवळून टाकली. फुकटात गोठा झाला म्हणून गडी खूश.

सप्टेंबरात समुद्राकडनं वादळ आलं. माळ धो धो वाहिला. ओढ्यानं वेड्या बाभळीची खोडं, काटेरी झुडपं, पाचट, कुणाचं तरी मोडकं खुराडं, सगळं आणून कुंपणाला चिकटवलं. पाणी तुंबलं ते मागं सरकत अंगणात आलं, मग उंबऱ्यावर.

एवारिस्तोला आधी आनंदच झाला! गुडघाभर पाण्यात उभा राहून वरडाय लागला, "म्हणलं न्हवतं? म्हणलं न्हवतं मी?"

"व्हय, लई शाणे! आता करडं उचला!" ओतिलिया रडत होती. मागं स्वयंपाकघराची भिंत चुलीसकट बसली. म्हाताऱ्यानं सासुरवाडीच्या लोकांना हाताशी घेऊन, लग्नाच्या वर्षी रचलेली भिंत ती. तेवढ्यात त्याची नजर कुंपणावर गेली. सगळ्यात फुगलेली होती ती त्याचीच जाळी. तसा तो वाकून करडं उचलायला लागला.

पाणी ओसरल्यावर साहेब आला.

"जाळी कुणाची?"

"माझी," एवारिस्तो खाली मान घालून म्हणाला.

शेजारचा चोन पुढं झाला. "साहेब, माझ्याकडं ना शेळी, ना जाळी. नुसतं तुमचं गज. तरी कमरंइतकं पाणी चढलं. चला, दावतो."

साहेबानं चिखल बघितला, मग आपले बूट बघितले. "कशाला? कारण सापडलंय की इथं."

झालं! पूर शेळ्यांनी आणला. कुंपण निर्दोष सुटलं आणि जाळी ट्रकात घालून नेली.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," चोन थुंकला. "पर कंपाद्रे, गड्या, तू तरी कशाला दिलंस त्यांच्या हातात कोलीत?"

थंडीभर म्हाताऱ्यानं चिखल तुडवला, विटा पाडल्या, वाळवल्या. वसंतात भिंत कमरेपर्यंत आली, तेव्हा ट्रक आले. चकचकीत पोलादी जाळीची गुंडाळीवर गुंडाळी उतरली. तोच साहेब, तेच हसू.

"आजोबा, त्या फटींतून लोक नशेच्या पुड्या सरकवतात. तुमची युक्ती मला तेव्हाच आवडली होती. करडूसुद्धा गेलं नाही! आता सबंध कुंपणाला लावतोय."

"आन् पाणी?"

"जाळीला भोकं आहेत ना."

एवारिस्तो चिखलाचे हात तसेच घेऊन भिंतीपाशी आला. ओतिलिया वीट घेऊन उभीच होती.

"लावू का नगं?" तिनं विचारलं.

"माझं पुन्यांदा खरं हुनार गं."

तिनं वीट त्याच्या हातात दिली. "एवढ्या खेपंला तरी खोटं पडा की हो," ती म्हणाली.