वॉशिंग्टनला अडकलेली चवरी

मित्रांनो, मला नुसती माश्या हाकलायची चवरी समजू नका. अमेरिकेच्या ताब्यातल्या सामोआ बेटांवरच्या एका म्हाताऱ्याने मांडीवर नारळाचा काथ्या वळून मला घडवलं. आता जुनी झाले, पण एके काळी माझा काय थाट होता! गावाच्या बैठकीत बोलायचं कोणी, यावरच आधी वक्त्यांची गोड भांडणं चालत. शेवटी आमच्या गावचा वक्ता पेनितोआ मला खांद्यावर टाकून उभा राहिला की सगळे गप्प. त्याच्या बोलण्यावर माना डोलल्या की विषय संपला. तो पुन्हा उकरून काढणं आमच्यात बेअदबी.

"याला वॉशिंग्टनला पाठवा," असं गावोगाव ठरलं आणि पेनितोआ अमेरिकेच्या संसदेत बेटांचा प्रतिनिधी म्हणून निवडून आला. मी त्याच्या कार्यालयात काचेच्या पेटीत जाऊन पडले. पाहुणे वाहवा करतात, माझा मात्र जीव गुदमरतो. त्याचीही तीच गत. बेटांच्या प्रतिनिधीला सभागृहात हवं तेवढं बोलता येतं, पण अंतिम मतदानात त्याला मत नाही.

त्याच्या बहिणीची, तालोसागाची, मूत्रपिंडं निकामी झाली होती. बेटावर डायलिसिसची यंत्रं अपुरी, म्हणून तिला घरदार सोडून हवाईला राहावं लागणार होतं. पेनितोआने यंत्रांसाठी तरतूद सुचवली. अंतिम मतदानाआधी दुरुस्त्यांवर जी मधली फेरी होते, तीत त्यालाही मत देता येत होतं. तरतूद एका मताने मंजूर झाली.

त्याने धावत येऊन फोन लावला. "सामान बांधू नकोस गं. जिंकलो आपण."

"खरंच का रे दादा? डुक्कर भाजायला सांगते मग. गाव जेवू दे."

फोन ठेवला आणि त्याचा सहायक मिलर आत आला. "साहेब, तुमच्या मताने निकाल फिरला. अशा वेळी बेटांची मतं वगळून पुन्हा मतदान घेतात. आताच झालं. समसमान, म्हणजे नामंजूर."

"म्हणजे माझ्या मताने काही फरक पडत नसेल, तरच ते धरायचं?"

"नियम आहे, साहेब."

पुन्हा फोन करायचा धीर त्याला संध्याकाळी झाला.

"अरे, सगळे पानावर बसलेत," तालोसागा म्हणाली. "एकदा ठरलेलं परत कसं मोडतात?"

मला फार वाईट वाटलं.

पुढच्या निवडणुकीतही गावाने त्यालाच पाठवलं. गावाला नाही कसं म्हणणार?

मित्रांनो, माझी निगा राखा असं मी सांगणार नाही. माझी काच इथे रोज पुसतात. तुम्ही कुणाला बोलायला उभं केलंत, तर त्याचं मत धरा. तालोसागा हवाईला एका खोलीत राहते. दर रविवारी तिचा फोन येतो, "दादा, घरी कधी येऊ रे?" आणि पेनितोआ तिला हवा कशी आहे ते विचारतो.